मुठीच्या मापाची बर्फपेटी

मूठमिस्त्री कोणतेही भांडे आधी डोळ्यांनी पाहत नसत. ते त्यात हात घालत. उजवी बाही कोपराच्या वर सारायची, पंजा आत सोडायचा, तळाच्या कडेकडेने तर्जनी फिरवायची आणि हात बाहेर काढून ते बोट नाकाशी न्यायचे. मग डोळे मिटून क्षणभर थांबायचे. निकाल ऐकण्यासाठी न्यायालयात उभे राहिलेल्या माणसाची जी अवस्था होते, ती त्या क्षणी भांड्याच्या मालकाची होई. हे मी अनुभवाने लिहितो. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांचा हात माझ्या कचेरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या माठात कोपरापर्यंत बुडालेला होता.

"अहो, हे काय चालवले आहे?" मी खुर्चीवरून ओरडलो.

"वरडू नका, रावसाहेब," ते शांतपणे म्हणाले. "हात म्या साबनानं धुतल्यात. तुमचा माठ कवा धुतलाय, तेवढं सांगा."

त्यांनी ते बोट माझ्या नाकासमोर धरले. दुसऱ्या दिवसापासून मी घरून पाण्याचा तांब्या नेऊ लागलो.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरी म्हणजे तेव्हा एक लहानसे स्टेशन, निर्वासितांची छावणी आणि ज्वारीच्या शेतांमधून नुकत्याच वर येऊ लागलेल्या कारखान्यांच्या भिंती. मिस्त्री चिंचवड गावातले. पत्र्याचे काम करणाऱ्या मुसलमान कारागिरांचे ते घराणे गावात कित्येक पिढ्यांचे, त्यामुळे त्यांचे बोलणे अस्सल मावळी होते. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, चार बांबूंवर पत्रा टाकून त्यांनी दुकान थाटले होते. डबे, चाळण्या, पन्हळी, रॉकेलची मापे असा सगळा माल तेथे तयार होई. त्यांचे खरे नाव मी येथे लिहीत नाही. ते नाव एकदा कागदावर लिहून मी त्याची पुरेशी विटंबना केली आहे.

"जिथं हात पोचत न्हाई, तिथं घान पोचती," हे त्यांचे आवडते वाक्य. या एका वाक्यापायी त्यांनी किती गिऱ्हाइके परत पाठवली असतील, देव जाणे. एकदा एक खानदानी पाटलीणबाई अरुंद गळ्याचा तेलाचा डबा करून मागत होत्या. दिसायला नाजूक हवा, असा त्यांचा आग्रह.

"करतो की," मिस्त्री म्हणाले. "पर धुनार कोन? तुमी का सूनबाई?"

"सून धुईल."

"तिचा हात ह्या गळ्यातनं जाईल व्हय? न्हाई ना? मंग ती काय फुंकर मारून धुनार का?"

पाटलीणबाई रागावून निघून गेल्या. चार दिवसांनी सूनच आली, आणि रुंद तोंडाचा डबा घेऊन गेली.

मी ज्या कारखान्यात भांडारातला कारकून होतो, त्याचेही नाव देत नाही. तो केव्हाच बंद पडला, आणि जो अस्तित्वातच नाही त्याच्यावर फिर्याद चालत नाही. मी दिवसा नोकरी करी आणि उरलेल्या वेळात कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करी. कलमे मला तोंडपाठ होती. उन्हाळ्यात कामगारांना थंड पाणी पुरवणे कारखान्यावर कायद्याने बंधनकारक आहे, हे व्यवस्थापकांना मीच लेखी कळवले होते. माझ्या पत्राचा परिणाम म्हणून थंड पाण्याबरोबर उपाहारगृहात सोडा-लेमनच्या गोटीच्या बाटल्याही ठेवायचे ठरले. बर्फाची लादी पुण्याहून सकाळच्या गाडीने भुशात आणि गोणपाटात गुंडाळून यायची होती. प्रश्न उरला तो बर्फाच्या पेटीचा. मुंबईच्या मुख्य कचेरीतून तिचा नकाशा आला आणि काम मूठमिस्त्रींना मिळाले.

नकाशाची गुंडाळी त्यांनी उलगडली, क्षणभर पाहिली आणि पुन्हा गुंडाळली. "ही पेटी धुनार कोन?" त्यांनी विचारले.

धुणार होती सोनाबाई. उपाहारगृहातली भांडी आणि फरशी तिच्याकडे असत. काळेवाडीहून नदीच्या उथळ पाण्यातून चालत ती रोज कामावर येई. अंगाने लहान चणीची, आखूड हातांची, आणि तोंडाने अखंड बोलणारी. मिस्त्रींनी तिला दुकानी बोलावून घेतले आणि तिच्या काखेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी लावून मापाची गाठ मारली. पेटीची खोली त्या गाठीवर ठरली. नकाशापेक्षा ती वीतभर कमी होती.

त्यानंतर जे चालले ते पाहायला मी रोज संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून जात असे. मिस्त्री कणीक आणि हळद एकत्र भिजवून पेटीला आतून सारवत आणि ती दिवसभर उन्हात वाळू देत. मग सोनाबाईच्या हाती देत एक फडके आणि एक तांब्या पाणी. अट अशी की तिने एकाच हाताने पेटी धुवायची. तिचे धुऊन झाले की कुठे पिवळे राहिले ते मिस्त्री शोधत. पहिल्या खेपेला चारही कोपरे पिवळे राहिले. त्यांनी कोपरे मोडून काढले आणि पत्रा मोगरीने ठोकून आतून घमेल्यासारखी गोलाई आणली. दुसऱ्या खेपेला जोडाच्या रेषेत हळद राहिली, म्हणून कथलाचे सगळे डाख बाहेरच्या अंगाला घेतले. तिसऱ्या खेपेला पाणी जाण्याच्या छिद्राभोवती पिवळे कडे दिसले. तेव्हा त्यांनी ते छिद्र इतके मोठे केले की त्यातून मूठ आरपार जावी, आणि त्याला लाकडी बूच बसवले.

"मिस्तरी, परीक्षा माजी चाललीय का पेटीची?" सोनाबाई कुरकुरली. "माज्या लग्नात बी एवढी हळद लागली न्हवती."

"पेटीची चाललीय. तुजा हात कवाच पास झालाय," मिस्त्री म्हणाले.

"मंग पास झाल्याचा कागद द्या की लिवून!"

"कागद रावसाहेब देत्याल. मला कुठं लिवता येतंय?"

आम्ही तिघेही हसलो होतो.

चौथ्या खेपेला पेटीत हळदीचा एक ठिपकाही राहिला नाही. लाकडी खोक्याच्या आत जस्ती पत्र्याचे टोपले सुटे बसवलेले. दोन कड्या धरून ते उचलावे आणि उन्हात पालथे घालावे. तळाला छिद्राकडे उतार. बाटल्या ठेवण्याची फळ्यांची जाळीही सुटी. काठावर तार घालून पत्रा वळवलेला, सोनाबाईच्या दंडाला कापू नये म्हणून. त्या पेटीइतकी सभ्य वस्तू मी त्या कारखान्यात दुसरी पाहिली नाही.

आणि मी ती नाकारली.

पेटी आली तेव्हा मी नकाशा उघडून माप ताडून पाहिले. खोली कमी. पत्र्याचे अस्तर खिळ्यांनी पक्के हवे, ते सुटे. तळाच्या फळ्या ठोकलेल्या हव्यात, त्याही सुट्या. छिद्र एक इंची हवे, ते मुठीएवढे. कोपरे काटकोनी हवेत, ते गोल. मी टंकलेखन यंत्रावर बसलो आणि पत्र लिहिले: "आपण पुरविलेली बर्फपेटी मंजूर नकाशाशी विसंगत असल्याने स्वीकारता येत नाही. तरी खालील पाच बाबींची पूर्तता करून ती पुनश्च सादर करावी." 'विसंगत' हा शब्द मला त्या वेळी फार शोभिवंत वाटला होता. पत्रावर व्यवस्थापकांच्या वतीने सही माझी होती.

मिस्त्रींना वाचता येत नसे. ते पत्र घेऊन वाचून घेण्यासाठी माझ्याकडेच आले. मी त्यांना माझेच पत्र मोठ्याने वाचून दाखवले.

"झकास लिवलंय," ते म्हणाले. "कुनी लिवलं?"

"मी."

"मंग एक सांगा. लिवायच्या आदी तुमी पेटीत हात घालून बगितला का?"

"त्याची आवश्यकता नाही, मिस्त्री. करार नकाशाप्रमाणे आहे."

"सोनाबाईला इचारलं?"

मी हसलो. मी काय बोललो ते शब्दशः आठवते, कारण ते वाक्य विसरण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. मी म्हणालो, "सोनाबाईला विचारून कारखाने चालत नसतात."

त्यांनी पत्राची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. "न्हाई म्हनलं तर तुमी दुसऱ्याकडनं करून घ्याल," ते म्हणाले. "त्यो आतनं डाखबी धड देनार न्हाई. आना, मीच बिघडवतो."

आठवड्याभरात नकाशाशी पूर्णपणे सुसंगत अशी पेटी उपाहारगृहात लागली. सोनाबाई काठावर पोट टेकून आत वाकली तरी तिची बोटे तळापासून वीतभर वर राहत. ठोकलेल्या फळ्यांखाली पाणी कायम साचे आणि बर्फ वितळला की फळ्यांवर चढे, कारण एक इंची छिद्र भुशाने तासाभरात तुंबे. गोटीच्या बाटल्या त्या पाण्यात तोंडापर्यंत बुडत. ज्यांनी त्या बाटल्या प्यायल्या आहेत त्यांना ठाऊक असेल की बाटलीच्या तोंडाशी, गोटीच्या वर, एक लहानसा खळगा असतो. बाहेरचे पाणी त्यात साचते, आणि अंगठ्याने गोटी दाबली की ते आतल्या गोड पाण्यात उतरते. ही साधी गोष्ट नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. मी स्वतः शेकडो गोट्या दाबल्या होत्या.

वैशाखात उलट्या आणि जुलाबांची साथ लागली. एका पाळीतले बरेच कामगार आजारी पडले आणि बरेही झाले. सोनाबाई बरी झाली नाही. ज्या हातांनी ती ते पाणी उपसत होती त्याच हातांनी ती भाकरी खात होती. तिसऱ्या दिवशी काळेवाडीला, तिच्या घरी, ती वारली.

मग चौकशी झाली. तीन अधिकारी टेबलामागे बसले आणि मी टिपणे घेण्यासाठी कोपऱ्यात बसलो. पहिल्या तासाभरातच सर्वांचे एकमत झाले की बाईने पेटी नीट धुतली नाही. एकाने तर असेही म्हटले की रोग तिच्या हातांनीच पेटीत आला असावा. तिचा नवरा दाराबाहेर उकिडवा बसून हे सगळे ऐकत होता. वस्तीत त्याच्या घरचे पाणी कोणी घेईनासे झाले आहे, हे मला शिपायाने आधीच सांगितले होते.

मिस्त्रींना बोलावण्यात आले. त्यांनी पेटी अंगणात आणवली, पकडीने खिळे उपसले आणि तळाच्या फळ्या उचलल्या. आंबलेल्या भुशाचा वास एकदम सगळ्या अंगणात पसरला. कोपऱ्यात काळा, बुळबुळीत थर होता आणि त्या थरात एक वस्तू रुतली होती. मिस्त्रींनी ती दोन बोटांनी उचलून आत टेबलावर ठेवली. बाभळीच्या काठीचा मोडका तुकडा होता तो, आणि त्याच्या टोकाला हिरव्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधलेली होती.

"ही बगा," ते म्हणाले. "हात पोचत न्हवता म्हनून बाईनं फटीतनं काठी घातली. काठी बी मोडली. आनि तुमी म्हनता धुतलं न्हाई."

"शी! आधी ते टेबलावरून उचला," एक अधिकारी म्हणाले. शिपायाने कागदाने धरून तो तुकडा बाहेर फेकला. चौकशीच्या कागदपत्रांत त्याची नोंद नाही. नोंदी मी घेत होतो.

मग सरळ प्रश्न आला. "मिस्त्री, पेटी अशी करायला तुम्हाला कोणी सांगितले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. भांड्यात हात घालून ते जसे डोळे मिटून थांबत, तसे या वेळी उघड्या डोळ्यांनी थांबले होते. माझ्या पत्राची कार्बन प्रत माझ्या कोपराखालच्या फायलीत होती. मी प्रश्न लिहून घेतला, उत्तरासाठी नवी ओळ सोडली आणि मान खाली घालून लेखणीच्या टोकाकडे पाहत राहिलो.

शेवटी मिस्त्री म्हणाले, "पेटी माज्या हातची हाय. कसूर लिवायचीच तर माजी लिवा. बाईची लिवू नका."

मी दोघांचीही लिहिली.

त्यानंतर मिस्त्रींना कोणत्याही कारखान्याचे काम मिळाले नाही. डबे आणि चाळण्यांवर ते दिवस काढत राहिले. रस्त्यात भेटलो तर मान हलवत आणि "बरं हाय का, रावसाहेब?" एवढेच विचारत. त्यांच्या खिशात माझे मूळ पत्र होते. ते कोणालाही दाखवून ते स्वतःला सोडवू शकले असते, पण त्यांनी ते दाखवले नाही. त्यांनी मला गावभर शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. कायद्यात शिक्षेची तरतूद असते. अशा सौजन्याची कोठेच नसते, आणि त्यापासून बचाव कसा करावा हे मला कोणत्याही पुस्तकात सापडले नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, लिंब गेला आणि दुकानही गेले. मिस्त्री मुलीकडे चाकणला राहायला गेले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आल्याचे कळले तेव्हा मी भेटायला गेलो. ओसरीवर बाजेवर ते पडले होते. उजवा हात गोधडीवर होता, आणि त्याची मूठ वळलेली होती ती उघडत नव्हती. बाजेशेजारी एक नवी कोरी बर्फपेटी होती. जावयाने पत्रा धरला आणि यांनी डाव्या हाताने ठोकला, असे करत सगळा पावसाळा त्यांनी त्या पेटीवर घालवला होता. कोणी सांगितली नव्हती आणि कोणाला द्यायचीही नव्हती. तीच गोलाई, तोच उतार, काठावर तीच वळवलेली तार. खोलीसाठी वापरलेली सुतळी कडीला बांधलेली होती. तिची गाठ मी ओळखली.

"माजा हात आता जात न्हाई," ते म्हणाले. बोलणे जड झाले होते. "तुमी घाला. सांगा, काय लागतंय."

मी बाही सारली आणि आयुष्यात प्रथमच त्या माणसाच्या पेटीत हात घातला. तळाच्या कडेकडेने बोट फिरवले. बोट कुठेच अडले नाही.

"काहीच लागत नाही, मिस्त्री. स्वच्छ आहे."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. मला वाटले, झोप लागली. तेवढ्यात त्यांनी विचारले, "काळेवाडीला सांगितलंत का?"

मला प्रश्न समजला नाही असे मी भासवू शकलो असतो. भासवले नाही. "नाही," मी म्हणालो.

त्यांनी डावा हात पेटीच्या काठावर ठेवला. मग म्हणाले, "मंग पेटी अजून धुऊन झाली न्हाई, रावसाहेब."

त्या हिवाळ्यात ते गेले. त्यानंतर मी काळेवाडीला गेलो. सोनाबाईचा नवरा वस्ती सोडून केव्हाच निघून गेला होता. कोणत्या गावी, हे कोणालाही सांगता आले नाही. मी कारखान्याला पत्रे लिहिली, कामगार खात्याला लिहिली, जुना अहवाल दुरुस्त करण्याची रीतसर मागणी केली. कारखाना बंद पडला तेव्हा त्याची दफ्तरे रद्दीत गेली, असे मला एका ओळीत कळवण्यात आले. तेव्हापासून मी पत्रे लिहीतच आहे. आकुर्डीच्या रसाच्या गाड्यांवरील बर्फाच्या खोक्यांबद्दल लिहितो, संत तुकाराम नगरच्या दुकानांतील शीतपेयांच्या पेट्यांबद्दल लिहितो. आरोग्य खात्याने पोच द्यायची असते, ती देत नाहीत. मी दुप्पट संतापाने पुन्हा लिहितो. घरचे म्हणतात, म्हातारा तापट आहे. दुकानदार मला ओळखतात, कारण मी बाही सारून त्यांच्या पेटीत हात घालतो. बर्फाच्या खाली, कोपऱ्यापाशी बोट पोचले की दर वेळी मला वाटते, आता ती हिरवी चिंधी हाताला लागेल.

जो अहवाल दुरुस्त करायचा तो उरलेला नाही, आणि ज्याला सांगायचे तो सापडत नाही. म्हणून हे निवेदन मी येथे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. काळेवाडीच्या सोनाबाईचे कोणी कोठे असतील तर त्यांनी हे वाचावे. पेटी धुण्यात सोनाबाईने कसूर केली नव्हती. पेटी करण्यात मिस्त्रींनी कसूर केली नव्हती. बदल सांगणाऱ्या पत्रावर सही माझी आहे, आणि ती करण्यापूर्वी मी त्या पेटीत हात घातला नव्हता.